करदाते वर गेले आहेत

"रिटर्न भरायचं म्हणजे काय डोंगर उचलायचाय? माझ्यावर सोडा! महिन्याभरात परतावा आणून दाखवते!"

तडतडीने जेवता जेवता ही गर्जना केली आणि बाबांचा पाण्याचा पेला ओठांशीच अडकला. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी दिवसभर उडायची, म्हणून घरात ती तडतडी. नुकतीच दहावी झालेली, त्यामुळे जगातले सगळे प्रश्न सुटलेलेच होते. फक्त लोकांना कळवायचं बाकी होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनी त्यांच्या पगारातून कर कापायची, तोही गरजेपेक्षा जास्त. जास्तीचे पैसे परत हवे असतील तर आयकर कार्यालयात रिटर्न भरावं लागतं. बाबांनी तीन वर्षं ते भरलंच नव्हतं. आळसाने नव्हे हं! तत्त्वाने!

"आधी त्यांनी कापायचं आणि वर मीच भरायचं?" बाबा कडाडले. "एकाच डोक्याची दोनदा हजामत? मेलो तरी भरणार नाही!"

"अहो बाबा, भरायचं म्हणजे पैसे नाही! फॉर्म भरायचा!"

बाबा आईकडे बघायला लागले. आई आमटीच्या पातेल्यात.

"म्हणजे बिल भरायचं, दंड भरायचा, फी भरायची," आई सावकाश म्हणाली, "आणि हे एकच भरणं फुकट?"

"फुकट नाही, उलट आपल्यालाच मिळतात! सगळ्यात जुन्या वर्षाचे तर या महिनाअखेर बुडतील!"

बाबांना हरायची सवय नव्हती. त्यांनी पेला आपटला. "ठीक आहे. आण परतावा. आणलास तर घे तुझं ते कॉमर्स. नाही आणलास तर सायन्स घ्यायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही!"

"कबूल!" तडतडी म्हणाली. सायन्स हा शब्दच तिला कारल्यासारखा कडू लागायचा. पण तो तिने आमटीबरोबर गिळला.

कागद शोधण्यातच दोन दिवस गेले. ते निघाले बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत, ग्रीसमध्ये मुरलेले, लोणच्यासारखे. तडतडीने ते पुसले, वाळवले आणि संगणकावर तिन्ही वर्षांचे फॉर्म भरून टाकले. संपर्कासाठी नंबर दिला स्वतःचा, कारण लिफ्टच्या कामाला बाबा वर गेले की त्यांचा फोन लागत नाही. उरला एकच रकाना. उशिराचे कारण. बाबा म्हणाले, "लिही, तत्त्व." पण तडतडी सत्याला धरून चालणारी. तिने लिहिलं, "एक क्रियापद."

आता असलं कारण वाचून कोणता कारकून गप्प बसेल? आठवड्याभरात फोन आला. शेजारच्यांनी भिंतीला नेमकं तेव्हाच ड्रिल लावलं होतं.

"आयकर कार्यालयातून बोलतोय. करदाते आहेत का?"

तडतडीने आवाजाला इस्त्री केली. "नाही. ते वर गेलेत."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात, "अरेरे! कधी?"

"आज सकाळीच. डबासुद्धा घेतला नाही."

"अचानक?"

"त्यांचं असंच असतं. बोलावणं आलं की थांबत नाहीत."

"आई कशी आहे?"

"तिला सवय झालीय," तडतडी म्हणाली. "ते जाऊ द्या, पैसे कधी मिळतील?"

कारकुनाने नाक शिंकरल्याचं ड्रिलमधूनही ऐकू आलं. "बाळ, तुला आता वारसाचा अर्ज करावा लागेल. किती वारस आहेत?"

ड्रिलने दोन्ही 'वारस' खाल्ले आणि त्यांच्या जागी 'वर्षं' बाहेर टाकली.

"तीन!" तडतडी ठणकावून म्हणाली. "तिन्हींचे पैसे हवेत! एकही सोडणार नाही!"

फोन ठेवून तिने आईला सांगितलं, "काय प्रेमळ माणूस गं! शेवटी म्हणाला, धीर धर!"

पुढच्याच आठवड्यात एक लिफाफा आला आणि तो बाबांनीच फोडला. "कैलासवासी करदाते यांच्या तीन वारसांस," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. मग तडतडीकडे न बघता आईला विचारलं, "तिसरा कोण?"

आई उत्तर देणार तोच बेल वाजली. दारात बाबांचे सुपरवायझर, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, डोळे पाणावलेले. कार्यालयाने कंपनीला विचारलं होतं, यांचा शेवटचा पगार दिलात का? बाबांनी दार उघडलं. सुपरवायझर मागच्या मागे उडाले आणि गुच्छ घट्ट धरून दोन मजले धडाधड उतरले.

"अहो, थांबा! मी रजेवर होतो!" बाबा जिन्यातून ओरडले.

"मला माहितीय!" खालून रडका आवाज आला. "कायमच्या!"

दुसऱ्या दिवशी बापलेक आयकर कार्यालयात. महिना संपायला एकच दिवस उरलेला. वाटेत बाबा ते पत्र उलटसुलट करून वाचत होते. तडतडीला डोळ्यांपुढे भौतिकशास्त्राचं पुस्तक दिसत होतं, जाडजूड, दात विचकणारं.

दारातच पाटी होती : लिफ्ट बंद आहे. तापलेला पोरगा दिसला की डॉक्टरचा हात आपोआप नाडीकडे जातो, तसा बाबांचा हात पिशवीकडे गेला.

"तू हो पुढे. आलोच." आणि ते जिना चढून गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनकडे पसार!

"बाबा! आज नको ना!"

पण त्यांचं कसं, बोलावणं आलं की थांबत नाहीत.

खिडकीमागे तोच प्रेमळ आवाज बसलेला होता, चष्म्यासकट. "ये बाळ. वारसाचा अर्ज आणलास?"

"वारसबिरस कोणी नाही! बाबा जिवंत आहेत! माझ्याबरोबर आलेत!"

कारकुनाने तिच्या मागे पाहिलं. कोणी नव्हतं. चष्मा काढून त्याने डोळे टिपले. "कुठे आहेत ते?"

तडतडीने 'वर' हा शब्द टाळला आणि छताकडे बोट केलं.

"हो बाळ," कारकून हळुवारपणे म्हणाला. "तिथूनच ते तुला बघतायत."

तेवढ्यात लिफ्ट घरघरली, दार सरकलं आणि बाबा बाहेर आले. नाकापासून कोपरापर्यंत ग्रीस, हातात पाना. "मीच तो करदाता! नीट बघून घ्या!"

कारकून खुर्चीसकट मागे सरकला. "तुम्ही... वरून परत आलात?"

"रोज येतो! माझी लेक तुम्हाला खरं तेच सांगत होती! वर जाणं हा माझा धंदा आहे!"

तडतडीला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. बाबांनी चक्क तिची बाजू घेतली होती! दावा मुदतीत दाखल झाला. बाबांच्या अंगठ्याच्या काळ्या ठशासकट, कारण जिवंतपणाचा तेवढा ठळक पुरावा कार्यालयाने आजवर पाहिला नव्हता.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. "परतावा मंजूर झालाय. करदात्यांनी स्वतः हो म्हटलं की पैसे जमा. आहेत का ते?"

आईने लांबूनच हात जोडले. तडतडीने खोल श्वास घेतला.

"वर गेलेत! पण संध्याकाळी खाली येतात! रोज येतात! लिहून घ्या!"

"लिहिलं, बाळ," कारकून हसत म्हणाला. "संध्याकाळीच करतो."

तिन्ही वर्षांचे पैसे आले. तडतडीने विजयी मुद्रेने कॉमर्सचा फॉर्म भरला. शेवटच्या पानावर फीचा आकडा होता. परतावा सगळा त्यातच गेला. वर बाबांच्या खिशातले थोडे.

पैसे मोजून देताना बाबांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "काय गं, भरायचं म्हणजे काय म्हणालीस तू?"

तडतडीने तोंडातून ब्र काढला नाही.