एका दमातले एकोणीस तुकडे

आजाराचं गांभीर्य त्याच्या नावाच्या लांबीवर ठरतं. ताप दोन अक्षरांचा, म्हणून तो कुणी मनावर घेत नाही. खोकला तीन अक्षरांचा, त्याला फार तर मध मिळतो.

पेणजवळच्या जोहे गावातल्या बायजाबाईंनी गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं पॉलिश पेपरनं मूर्ती घासल्या. प्लास्टरची धूळ श्वासाबरोबर आत गेली ती तिथंच राहिली. चार पावलं चालून दम लागू लागला, तेव्हा लेक ऋतुजा त्यांना रोह्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. 'फुप्फुसात धूळ' असं कुणीही लिहिलं असतं. डॉक्टर शिकलेले होते. त्यांनी लिहिलं: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस.

पेणला आजारी कामगारांना पैशाची मदत देणारा मूर्तिकामगार दिलासा कक्ष आहे. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर चढू नये, म्हणून तिथं एक रास्त नियम आहे: अर्जदाराने आपल्या आजाराचे नाव स्वमुखाने, एका दमात उच्चारावे. (दुसऱ्याचा आजार कोण पाठ करत बसतं?)

कारकून विशाल मनाचा चांगला. त्यानं पेन्सिलीनं शब्दाचे एकोणीस तुकडे पाडून दिले. "मावशी, घाई नको. न्यू, मो, नो..."

पहिल्या खेपेला बायजाबाई पाचव्या तुकड्यावर थांबल्या, दुसऱ्या खेपेला सातव्या. तिसऱ्या खेपेला नवव्यापर्यंत पोचल्या आणि खोकल्याची उबळ आली. पाचावरून नऊ, म्हणजे प्रगती ऐंशी टक्के. विशालनं तशी नोंद केली.

"साहेब, दम नाय म्हणून तर आले," बायजाबाई भिंतीला टेकत म्हणाल्या. "दम असता तर कशाला आले असते?"

मुद्दा बिनतोड होता; पण अर्जात मुद्द्यासाठी रकाना नव्हता.

ऋतुजाला राहवेना. तिनं कागद ओढला आणि अख्खा शब्द एका श्वासात म्हणून टाकला. कक्षात टाळ्या पडल्या. नियमानुसार आजार तिच्या नावावर चढला. तपासणी झाली, फुप्फुसं ठणठणीत निघाली, अर्ज नामंजूर झाला. शेरा: 'उच्चार निर्दोष.'

बाहेर पायरीवर बसून ऋतुजा रडू लागली. बायजाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे गो. तुझी छाती चांगली हाय, येवढं तरी कळलं."

सोमवारी त्या तोंडाला रुमाल बांधून कामावर हजर झाल्या. गणपती महिन्यावर आले होते. दुपारी तुम्ही सहकुटुंब मूर्ती पसंत करायला आलात. गणपतीच्या गालावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "इथं जरा खरखरीत लागतंय. बाईंना सांगा, अजून एकदा घासून द्या."