घनवादी खुर्चीत भाऊसाहेब

खुर्ची बसण्यासाठी असते, हा मनुष्यजातीचा फार जुना गैरसमज आहे. तो दूर करण्याचं थोर कार्य रियाधमधलं एक छोटं संग्रहालय एका व्हिलाच्या दोन मजल्यांत करत असतं. तिथे घनवादी वास्तुकला आणि घरगुती वस्तू मांडल्या आहेत. घनवाद म्हणजे वस्तूच्या सगळ्या बाजू एकदम दाखवणं. त्यात वापरायची बाजू राहून गेली तरी चालतं. तिथल्या किटलीतून चहा पडतो, पण कपात नाही. जिन्याच्या पायऱ्या तिरक्या आहेत. (लिफ्ट सरळ आहे, पण ती कर्मचाऱ्यांसाठी.)

मराठी मंडळातल्या निम्म्या कुटुंबांनी या जागेचे फोटो टाकले होते. उरलेल्या निम्म्यांना तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यात बँकेत रिस्क विभाग सांभाळणारे गिरीश बर्वे होते. म्हणून एका शुक्रवारी ते पत्नी विभा आणि साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले वडील भाऊसाहेब यांना घेऊन निघाले. विभा गाडी लावायला जागा शोधत राहिली. बापलेक आत गेले.

तिरका जिना चढून भाऊसाहेबांचे गुडघे बोलू लागले. समोर खुर्ची होती. ते बसले. खुर्ची मागे घसरती, हात त्रिकोणी. भाऊसाहेबांचे पाय अधांतरी राहिले आणि उठता येईना.

गाइड मेहनाज धावत आली. ती हैदराबादची, अदबीची.

"अंकल, ये कुर्सी नहीं, कुर्सी का ख़याल है."

"खयाल पाठीत रुततोय, बाई. उठव मला," भाऊसाहेब म्हणाले.

इथे नियमांचा प्रश्न आला. प्रदर्शित वस्तूला हात लावण्याचा अधिकार फक्त जतन अधिकाऱ्यांना आहे, आणि ते रविवारी येतात. प्रेक्षकाने वस्तूला स्पर्श केल्यास काय करावं, हे नियमावलीत सविस्तर आहे. वस्तूने प्रेक्षकाला धरून ठेवल्यास काय करावं, याबाबत ती मौन बाळगते. संग्रहालयाच्या साहेबांना फोन झाला. निर्णय होईपर्यंत 'परिस्थिती जैसे थे' ठेवायचं ठरलं आणि भाऊसाहेबांभोवती दोरी लावण्यात आली. (दोरीच्या आत पाऊल टाकायला मनाई असल्याने मदतही रीतसर थांबली.)

मग मेहनाजने किटली निरखत उभ्या असलेल्या गिरीशना विचारलं, "आप इनके साथ हैं?"

गिरीशच्या डोळ्यांसमोरून दंड, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि बँकेतली खुर्ची अशी सगळी रिस्क झरझर सरकली. अशा वेळी भावनेच्या आहारी न जाणं, यालाच अनुभव म्हणतात.

"एक ही गाड़ी से आए हैं," ते म्हणाले.

भाऊसाहेबांना हिंदी चांगली समजते. ते छताकडे बघू लागले. (छत खरोखर बघण्यासारखं आहे.)

गाडी लावून विभा आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, दोरी ओलांडली आणि सासऱ्यांच्या काखेत हात घातले.

"बाबा, गुडघा फार दुखतोय का?"

"गुडघा नाही गं," भाऊसाहेब म्हणाले, आणि उठले.

खुर्चीला काहीही झालं नाही. मेहनाजने पाणी आणून दिलं.

परतताना गाडीत गिरीशनी मोकळेपणाने विचारलं, "काय बाबा, कसं वाटलं म्युझियम?"

"परतीचं तिकीट थोडं आधीचं मिळतं का बघ," भाऊसाहेब म्हणाले.

घरी पोहोचल्यावर गिरीशनी मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. दोरीच्या बाहेरून काढलेला. खाली लिहिलं, 'बाबा कलेच्या कुशीत'. अंगठे, हार्ट, 'काका एकदम कूल'. फोटोत म्हाताऱ्याचे पाय हवेत लोंबकळताना स्वच्छ दिसतात, आणि चेहराही दिसतो. तुम्हीही तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिलात, आणि खाली विचारलंत, 'शुक्रवारी किती वाजता उघडतं?'