शिवगोंडाअण्णांचं ऑइल प्रेशर

आमचे शेजारी शिवगोंडाअण्णा गाडी चालवताना बायकोशी एकाच विषयावर बोलत. "किती?" अण्णा विचारत. शेजारी बसलेल्या गंगाकाकू समोरच्या तबकडीवरचा काटा वाचत, "दोन." जरा पुढे गेलं की पुन्हा, "आता?" "दीड." संपला संवाद.

ती ऑइल प्रेशरची तबकडी अण्णांनी मुद्दाम काकूंच्या बाजूला बसवून घेतली होती. प्रेशर कमी झालं की लागणारा लाल दिवा त्यांनी कधीच काढून टाकला होता. "दिवा बघून माणूस घाबरतंय, इंजिन न्हाय," हे त्यामागचं शास्त्र.

नव्वदच्या आसपास घेतलेली ती गाडी घेतानाच जुनी होती. आतली बेअरिंगं झिजलेली. थंड इंजिनात काटा तीनवर उभा राही. तेल तापून पातळ झालं की एकाच्याही खाली. गॅरेजवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, इंजिन खोला, बेअरिंगं बदला. अण्णा शिरोळहून भावाच्या गुऱ्हाळावरचं, उसाच्या घाण्याला घालायचं दाट तेल डबा भरून आणत आणि तेच इंजिनात ओतत. सकाळी गाडी म्हशीसारखी रेकायची. "आवाज हाय म्हणजे जीव हाय की!"

"एकदाच काय ते काम करून का घेत नाही?" मी विचारलं.

"बापू, इंजिन उघडलं की आत काय काय गेलंय ते मोजत बसावं लागतंय. झाकलेलं बरं."

हे उत्तर इंजिनापुरतं नव्हतं. त्यांची एकुलती लेक सुनंदा जातीबाहेर लग्न करून पेठ वडगावात राहत होती. घरात तिचं नाव निघत नसे. काकूंनी फार धरून बसल्यावर अण्णा नाही म्हणत नसत. ते गाडी काढत, काकू डबाभर करंज्या घेऊन बसत, आणि महामार्गावर पंचगंगेचा पूल आला की अण्णा विचारत, "किती?"

"एक."

"गाडी न्हाय म्हणती, गंगा." की वळवली गाडी. त्या करंज्या मग आमच्या घरी येत.

पुढे काकू खोटं वाचू लागल्या. काटा तळाला लोळत असला तरी "दोन." तेव्हापासून अण्णा पुलापाशी स्वतः वाकून काटा बघू लागले आणि गाडी वळवू लागले.

"एस.टी.नं जा की, काकू," मी म्हटलं.

"मी एकटी गेलो तर ती माझीच लेक ऱ्हाईल, बापू. त्येंची न्हाय व्हायची. त्येंनीच न्यायला पायजे."

काकू गेल्या, लेकीचं घर न बघताच. सुनंदा आली ती आम्ही फोन केल्यावर. बापलेक एकाच खोलीत बसून होते. ती दाराकडे बघत, अण्णा भिंतीकडे.

दिवसकार्य आटोपलं आणि अण्णांनी गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन इंजिन खोललं. नवी बेअरिंगं, नवा ऑइल पंप. ज्या कामाला इतकी वर्षं सवड नव्हती, ते आठवड्यात उरकलं. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "आता कशाला?" अण्णा "चला," एवढंच म्हणाले. मी काकूंच्या जागेवर बसलो.

पूल आला. "किती?" "तीन." पूल मागे गेला. वडगावात सुनंदाच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"किती?"

"अडीच. तापूनही अडीच."

आता गाडी नाही म्हणत नव्हती. अण्णा स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बापू, तुम्ही जावा. म्हणावं, गाडी बंद पडलीया."

दार सुनंदानंच उघडलं. "वडील आलेत," मी म्हणालो. "गाडी बंद पडली आहे."

तिनं कान दिला. गल्लीच्या तोंडाशी इंजिन संथ, एकसारखं चालू होतं.

"आई हुती तवा हितं येऊन का बंद पडली न्हाय वो, काका?"

तिनं पायांत चपला घातल्या आणि घरात वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, या की जरा. अण्णांची गाडी ढकलायची हाय."