मछलीपट्टणचा नकार

एकनाथरावांनी सोबत दुसरं धोतर घेतलं नाही, तिथून सगळं बिघडलं.

"बाबा, एक पँट तरी टाका बॅगेत," काचीगुड्याहून निघताना त्यांची मुलगी मानसी म्हणाली होती.

"कायकू? नकार द्यायला किती वेळ लागतो?"

नकार मानसीने स्वतः पसंत केलेल्या मुलाला द्यायचा होता. चैतन्य मछलीपट्टणचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या कलमकारीचं छापकाम. (कापड छापणाऱ्यांच्या घरात मुलगी द्यायची? एकनाथरावांचं स्वतःचं साड्यांचं दुकान होतं, पण तो मुद्दा वेगळा.)

एकनाथरावांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मछलीपट्टणला उतरल्यावर नकाराआधी जरा पाय बुडवू, म्हणून ते किनाऱ्यावर दोन पावलं पुढे झाले आणि लाटेने त्यांना आडवं केलं. मासे निवडणाऱ्या कोळणी हातातलं काम टाकून हसल्या.

रिक्षावाल्याचा टॉवेल गुंडाळून ते बायको-मुलीसह चैतन्यच्या घराशी पोहोचले. मागे कालव्याकाठी गवतावर पांढरी कापडं ओळीने पसरलेली. कुणाचं तरी धुणं असेल, असं समजून त्यांनी आपलं धोतर आणि त्याखालचं सगळं त्याच ओळीत नीट वाळत घातलं आणि झाडाआड बसले.

थोड्या वेळाने कारागीर आले. त्यांनी सगळी कापडं गोळा केली आणि छपाईआधी बुडवतात तशी हिरड्याच्या पाण्यात बुडवली. धोतर वर आलं ते हळद लागल्यासारखं पिवळंधमक.

"अरे, माझं आहे ते!" एकनाथराव धावले. तेवढ्यात रिक्षाचा हॉर्न वाजला. रिक्षावाल्याला त्याचा टॉवेल हवा होता.

चैतन्यचे वडील शेषगिरीराव लगबगीने आत गेले आणि लाल काठ छापलेलं कोरं धोतर घेऊन आले. "घ्या बावगारू, नेसा!"

(तेलुगूत व्याही एकमेकांना असंच म्हणतात, हे हैदराबादेत जन्म गेलेल्या एकनाथरावांना चांगलं ठाऊक होतं. पण वारा फार होता.)

भिंतीआड जाऊन ते निमूट नेसले, टॉवेल परत केला, अंगणात आले आणि खाकरले. "शेषगिरीराव, स्पष्टच बोलतो. ही सोयरीक..."

"अहो, आता काय बोलता?" जयवंताबाईंनी नवऱ्याला थांबवलं. "व्याह्याचा आहेर अंगावर घेतला की सोयरीक ठरली. लग्नाच्या प्रत्येक बैठकीत तुम्हीच सांगता ना?"

"अगं, ती अडचण होती!"

"मग करा परत," मानसी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. इथंच."

शेषगिरीरावांच्या बहिणी, कारागीर, शेजारच्या बायका, सगळे उत्सुकतेने पाहू लागले. एकनाथरावांनी कंबरेची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मुहूर्त," ते म्हणाले, "जवळचाच बघा."