एका उदाहरणासाठी

हेडक्लार्क महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोनच उमेदवार होते: टायपिस्टबाई आणि आवक-जावकचे शिक्के मारणारे कारकून, ज्यांना सगळं ऑफिस शिक्केबापू म्हणायचं. बढतीच्या फॉर्ममधले अकरा प्रश्न बापूंनी चहा निवायच्या आत उडवले. बारावा बोकांडी बसला. ‘वर्षभरात तुम्ही बदलांशी कसे अ‍ॅडॅप्ट झालात? एक उदाहरण द्या.’ फॉर्म चारपर्यंत साहेबांकडे द्यायचा होता. बापूंनी या बढतीची आठ वर्षं वाट पाहिली होती हो.

“अ‍ॅडॅप्ट म्हणजे नक्की काय?” त्यांनी हेडक्लार्कना विचारलं.

“जुळवून घेणं. क्रियापद आहे, बापू. म्हणजे तुम्ही काहीतरी केलेलं पाहिजे.”

इथेच घोडं अडलं. आठ वर्षं तेच टेबल, तोच शिक्का. जुळवून घ्यायचं तरी कशाशी? त्यांनी बायकोला फोन लावला.

“माझं लिहा की,” ती म्हणाली. “तुमच्याशी जुळवून घेतेच आहे ना मी?”

“अगं, उदाहरण माझं हवंय.”

“मग अवघड आहे,” म्हणून तिने फोन ठेवला.

बदल होत नसेल तर आपणच करावा, असं ठरवून बापूंनी टेबल ओढत खिडकीपाशी नेलं. त्यामुळे फायलींच्या कपाटाचं दार उघडेना, म्हणून टायपिस्टबाईंनी कपाट सरकवलं. कपाटामागे पंख्याचं बटण गेलं, म्हणून घामाघूम हेडक्लार्क खुर्चीसकट दारात जाऊन बसले. दार अडलं, म्हणून साहेब मागच्या जिन्याने धापा टाकत आले. एकटे बापू खिडकीच्या वाऱ्यात मजेत होते. त्यांना कशाचाच त्रास होईना. आपलं काय चुकतंय, तेही कळेना.

पावणेचारला पाहतात तो टायपिस्टबाईंचं उत्तर पानाच्या मागे गेलेलं.

“बाई, एवढं काय लिहिताय?”

“तुमचं टेबल,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “आभारी आहे हं बापू. सकाळपासून मला काही सुचतच नव्हतं.”

चारला बापूंनी बारावा प्रश्न कोरा ठेवून फॉर्म दिला. साहेबांनी दोन्ही फॉर्म वाचले आणि चष्मा काढला.

“बापू, वाईट वाटून घेऊ नका. एक तारखेपासून तुम्ही बाईंच्या हाताखाली.”

बापूंनी हळूच हात पुढे केला.

“साहेब, फॉर्म जरा परत मिळेल का? उदाहरण सापडलंय.”