पन्नासच्या पुढे

सिमेंट कालवत चाललेल्या एका अवजड ट्रकला मागे टाकायचं, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. माणसं आयुष्यात याहून मोठे निर्णय घेतात. मी घेत नाही. (लग्नाचा निर्णय मोठा होता, पण तो माझ्या वतीने इतरांनी घेतला.)

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मी ट्रकच्या बरोबरीला आलो आणि पाय दाबला. काटा अठ्ठेचाळीसवर गेला, एकोणपन्नासवर गेला, पन्नासवर आला आणि थांबला. पेडल पार तळाला टेकलं तरी काटा हलेना. इंजिन धापा टाकत नव्हतं, कुरकुरत नव्हतं, ते फक्त माझं ऐकत नव्हतं. मग समोरच्या पॅनेलच्या आतून कुठून तरी हळूच आवाज आला, "हं."

ट्रक पुढे निघून गेला. जाता जाता ड्रायव्हरने मला हात केला, आणि त्यात टिंगल असती तर चाललं असतं, पण सहानुभूती होती. माझं मात्र तिकडे लक्षच नव्हतं, कारण ते "हं" माझ्या ओळखीचं होतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते जाऊन आठ महिने झाले. एकतीस वर्षं त्यांनी वाहन तपासणीच्या कचेरीत काढली. समोर उभ्या असलेल्या गाडीचा आवाज ते मान तिरकी करून ऐकत, मग "हं" म्हणत, आणि गाडी नापास होई. कुणी इंजिनात चोरून फेरफार केला असेल तर त्यांना तो वासावरून कळतो अशी त्यांची ख्याती होती. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ते मान तिरकी करून "हं" एवढंच म्हणाले होते. (मी पास झालो की नापास, हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.)

बायको त्यांची एकुलती एक. गाडी तिच्या नावावर झाली आणि तिने त्यातली एकही वस्तू हलवू दिली नाही. चष्म्याचं घर दाराच्या कप्प्यात तसंच आहे. सीट त्यांच्या मापाची, म्हणजे माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाची. मी पाठीला उशी लावून, सीटच्या काठावर बसून चालवतो. आरसासुद्धा त्यांच्या उंचीला लावलेला, त्यामुळे मला त्यात मागचा रस्ता कमी आणि मागची सीट जास्त दिसते. रविवारी सकाळी ती एकटीच गाडी घेऊन जाते, तासाभराने परत येते, तेव्हा डोळे लाल असतात पण चेहरा हलका झालेला असतो. वडील गेल्यावर तिने जो काही धीर धरलाय तो या गाडीला धरून, हे मला कळतं. म्हणून उशीबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

पण गाडी आम्हा दोघांना सारखी वागवत नव्हती. तोच चढ बायको सत्तरने चढायची, वर मला दोन्ही हात नाचवत सांगायची की तुम्ही कालही दिवा चालू ठेवून झोपलात. माझ्या हातात मात्र पन्नास. मेकॅनिकने झाकण उघडून सगळं पाहिलं, गाडी ठणठणीत आहे म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच काही दुखणं लपवतोय.

हळूहळू मला वाटायला लागलं की मागे कुणीतरी बसलंय. दुपारच्या लख्ख उन्हातसुद्धा मानेवर गार वाटायचं. आरशात सीट रिकामी दिसायची, पण डाव्या बाजूला एक खळगा होता, आणि तो मंगळवारपेक्षा बुधवारी जास्त खोल होता हे मी शपथेवर सांगतो. पन्नासच्या जवळ आलो की पेडल पायाखाली मेल्यासारखं व्हायचं आणि ते "हं" यायचं. रोज. शेवटी मी गाडीत बसताना "बसलात ना नीट?" असं विचारायला लागलो. एकदा मागच्या सीटचा पट्टाही लावून ठेवला.

आता मी काय नोकरी करतो ते सांगतो, म्हणजे पुढचा माझा मूर्खपणा पूर्ण दिसेल. मी विमा कंपनीत दावे तपासणारा कारकून आहे. "कंपनीस न कळवता वाहनात बदल केल्यामुळे आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे" हे वाक्य माझं आहे. वीस वर्षांत साहेबांनी माझ्या ज्या एकाच गोष्टीची स्तुती केली ती हीच. इंजिनाच्या कंप्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवणाऱ्याचं काय होतं हे मला तोंडपाठ आहे. अपघात झाला तर विमा नाही, कुणाला लागलं तर थेट कोर्ट, आणि तपासणीत सापडला तर गाडी रस्त्यावरून बाद. इतकं माहीत असलेला माणूस एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, बायकोला न सांगता, इंजिन ट्यून करून घ्यायला गेला. भीतीने माणसाची अक्कल कशी गहाण पडते ते बघा.

टायरच्या दुकानांमागे एक पत्र्याची शेड आहे. तिथे हे काम करणाऱ्या बाई पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात आणि त्यांच्यापुढे सरळ उभे राहतात. मीही राहिलो. आत अंधार होता, तेवढा लॅपटॉपचा उजेड. बाईंनी स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, पडद्यावर आकडे धावायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला.

"इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय," त्या म्हणाल्या.

मी चटकन मागच्या सीटकडे पाहिलं.

"गाडीत नाही हो. कंप्युटरमध्ये."

मग त्यांनी वर्गात सांगावं तसं मला समजावलं. मूळ फाइल कुणीतरी बदललेली होती, आणि काम इतकं सफाईचं की तपासणीत कुठे बघत नाहीत हे माहीत असलेल्या माणसानेच केलेलं असणार. गाडीला दोन किल्ल्या. एका किल्लीवर गाडी जशीच्या तशी. दुसऱ्या किल्लीने चालू केली की पन्नासला हवेची झडप मिटते, आणि मिटताना किंचित आवाज होतो. माझ्या हातातली किल्ली ही दुसरी, सासऱ्यांनी स्वतः मला दिलेली. या दुसऱ्या सेटिंगला करणाऱ्याने नावही दिलं होतं. बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: जावईबापू.

खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. हीच गाडी मागे घेताना मी सासऱ्यांच्या फाटकाचा खांब पाडला होता त्याच्या दुसऱ्या दिवसाची. (त्यावर ते मला एक शब्द बोलले नव्हते. मी दोन वर्षं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होतो.)

भूत नाही हे कळल्यावर खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगावर सरसरून काटा आला. भुताचा कारभार निदान मेल्यानंतर सुरू होतो. या गृहस्थांनी जिवंतपणीच सगळी तजवीज करून ठेवली होती, आणि आठ महिने झाले तरी त्यांचा हात माझ्या घोट्यावर होता.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. बदल कुणी केला याला कायद्यात किंमत नसते, कागद ज्याच्या नावावर त्याची मान अडकते. कागद बायकोच्या नावावर होते. वार्षिक तपासणी पुढच्या सोमवारी होती. आतापर्यंत धूर बघून गाडी सोडायचे, पण बाईंनी सांगितलं की यंदापासून कंप्युटरही वाचतात. हे नाव तपासणीवाल्यांच्या पडद्यावर उमटलं की गाडी जमा, आणि ती परत मिळेलच याची खात्री नाही. म्हणजे तिच्याकडे वडिलांचं जे काही उरलं होतं तेच जाणार होतं. बाई मूळ फाइल परत घालायला तयार होत्या, पण त्यासाठी दोन्ही किल्ल्या एकाच वेळी गाडीत लागत होत्या. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं, मी चोरून शेडमध्ये गेल्यापासून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने चार वेळा उलगडला आणि चार वेळा त्याची घडी घातली.

"बाबांनी?" ती म्हणाली. "बाबांनी कायदा मोडला?"

"सही नाही त्यावर, पण नाव त्यांनीच ठेवलेलं आहे."

"मला न सांगता?" ती टॉवेल घेऊन खाली बसली. "माझ्यासाठी केलं असणार हो. तुमच्या शेजारी मी बसते ना." मग ती रडली, आणि मीही तिच्याजवळ बसून रडलो. (तिने विचारलं तुम्ही कशाला रडताय. मी सांगितलं नाही. मला ते नाव आवडलं होतं. तोंडाने त्यांनी मला कधी जावईबापू म्हटलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शेडमध्ये गेलो. पुसण्याआधी लॅपटॉपने विचारलं, खात्री आहे का. बाईंनी बायकोकडे पाहिलं. ती पडद्यावरचं नाव बराच वेळ वाचत राहिली, मग म्हणाली, "गाडी राहिली पाहिजे," आणि तिनेच बटण दाबलं. अक्षरं गेली.

पुसलं गेलं की नाही याची खात्री रस्त्यावरच करायची असते. मी माझ्या किल्लीने गाडी चालू केली, बायको शेजारी, बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन मागे डाव्या बाजूला, नेमक्या त्या खळग्यात बसल्या. आरशात पहिल्यांदाच मला तिथे खरंखुरं माणूस दिसत होतं आणि त्यानेही बरं वाटेना. पाण्याच्या टाकीचा चढ आला. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. मानेवर गार वाटलं, पेडल पायाखाली मेलं, आणि अगदी कानाशी आवाज आला, "हं."

काटा पन्नासवर थांबला होता.

"गेलं नाही ते," मी म्हणालो. "आतच आहे. सोमवारी गाडी जाणार." बायकोने सीटची कड घट्ट धरली.

बाई मागे शांतपणे आलेख बघत होत्या. त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"फाइल स्वच्छ आहे, झडप पूर्ण उघडी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा पाय वर येतोय. एकोणपन्नासलाच उचललात. सोमवारी काही होणार नाही, तपासणी गाडीची असते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुसायच्या आधी मी आतली नोंद वाचली होती. झडप किती वेळा मिटली ते तुमच्या सासऱ्यांनी मोजायला लावलं होतं. दोन वर्षांत एकदा."

एकदा, म्हणजे त्या सिमेंटच्या ट्रकच्या वेळी. त्याआधी मी पन्नासला कधी पोचलोच नव्हतो, आणि त्यानंतर रोज पाय मीच उचलत होतो. मग रोजचं ते "हं" कुणाचं, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी काही ऐकलेलं दिसत नव्हतं. बायकोनेही नाही.

तिने सीटची कड सोडली होती. तिचे खांदे हलत होते, आणि मला वाटलं पुन्हा रडतेय. पण ती हसत होती, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"एकदाच?" ती म्हणाली. "म्हणजे बाबांनी आयुष्यात एकदा कायदा मोडला, तोही उगाच."