दोन्ही बाजूंना समान उजेड

धनराज शेठच्या राइस मिलची सुटीची घंटा संध्याकाळी सहाला वाजायची आणि वडशाहून मिलमधल्या कुंताच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचलाच निघून जायची. सगळं भांडण काय ते एवढ्याचं. बस हुकली की मिलमधल्या बायका जंगलातल्या रस्त्यानं पायी घरी जात. त्या रस्त्याच्या वळणावर दिवाळीनंतर नीलाबाईला वाघ आडवा आला. नीलाबाई वाचली, पण पुन्हा कामावर आली नाही. आता पाळी आपली, असं कुंताला रोज वाटायचं, आणि रोज ती कामावर यायची. न येऊन खाणार काय?

युनियन म्हणाली, घंटा पाचला वाजवा, सकाळी तासभर लवकर येतो. शेठ म्हणाला, अंगणात वाळत घातलेलं धान दव पडायच्या आत गोळा कोण करणार, माझा बाप? दोघंही खोटं बोलत नव्हते, म्हणूनच तर भांडण मिटत नव्हतं. संप नको आणि कोर्टही नको, म्हणून शेवटी दोघांनी लवाद नेमायचं ठरवलं. म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं एक तिऱ्हाईत माणूस आणायचा आणि तो देईल तो निकाल मुकाट मानायचा.

माणूस मिळाला तो बोबाटे साहेब. कामगार खात्यातून निवृत्त झालेले, कुंताच्या पुढच्याच गावात राहणारे. निष्पक्षपणाचं त्यांना व्यसनच होतं म्हणा ना. शेठचा चहा त्यांनी घेतला नाही, युनियनचं पाणी घेतलं नाही. शेठची खुर्ची नको आणि युनियनची सतरंजीही नको, म्हणून सबंध सुनावणी त्यांनी उभ्यानं घेतली. मग बाकीच्यांनाही बसायची लाज वाटली.

सुनावणी चारला सुरू झाली. युनियनचा अध्यक्ष डोमा ठरल्यापेक्षा थोडं जास्त बोलला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शेठला तेवढाच वेळ वाढवून दिला. शेठ बोलायला लागला की थांबतो कुठे? मग डोमाला आणखी वेळ देणं आलं. असं चाललं असताना बसस्टँडावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. साक्ष द्यायला आलेली कुंता ताडकन पुढे झाली.

"साहेब, बस जाऊन राह्यली जी! तुमचीबी तेच हाय!"

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये," साहेब म्हणाले. "डोमाजी, तुमची तीन मिनिटं शिल्लक आहेत."

डोमानं ती तीन मिनिटं कपाळाला हात लावून काढली.

सुनावणी आटोपली तेव्हा अंधार पडला होता. शेठनं गाडीचं दार उघडलं. "बसा साहेब, घरी सोडतो."

"एका पक्षाच्या वाहनातून लवाद जात नसतो."

"मंग माह्या फटफटीवर बसा जी," डोमा म्हणाला.

"दुसऱ्या पक्षाच्याही नाही. या बायका जातात तसा मी जाईन."

"आमाले तं शेठनं कधी बसा म्हणलं नाई," कुंता पुटपुटली आणि चालू लागली. तिच्यामागे बायका, बायकांमागे साहेब.

शेठची झोप उडायची वेळ आली. साहेबांना वाघानं नेलं तर अख्खा वडसा म्हणेल, शेठनंच वाघाच्या तोंडी दिलं. त्यानं गाडी काढली आणि त्यांच्या मागून हळूहळू चालवायला लागला. जंगलाच्या तोंडाशी साहेब थांबले.

"हा उजेड कोणाचा?"

"शेठच्या गाडीचा जी," कुंता म्हणाली.

"म्हणजे एका पक्षाचा. बंद करा."

"अवो, काऊन बंद करता? दिसन कसं?" कुंता कळवळली. तेवढ्यात मागून आलेला डोमा फटफटी घेऊन पुढे गेला आणि समोरून दिवा पाडत म्हणाला, "आता दोघाईचा झाला. चालन का?"

साहेबांनी विचार केला. डोमाचा दिवा मिणमिणता, शेठचा लख्ख. त्यांनी शेठला दिवे मंद करायला लावले, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे याची खात्री केली, आणि मगच पाऊल उचललं.

वळणाजवळ झाडावरची वानरं एकदम खेकसली, वाघाची चाहूल लागली की खेकसतात तशी. बायका जागच्या जागी थांबल्या. मग सगळ्यांनी जेवणाचे डबे बडवायला सुरुवात केली.

"साहेब, वरडा! आवाज पायजे त्याले!" कुंता म्हणाली.

"काय ओरडू?"

"काईबी वरडा!"

साहेबांना त्या क्षणी फक्त कायदा आठवला. "औद्योगिक विवाद उद्भवल्यास," ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "उभय पक्षांना लेखी करार करून..." मागून शेठनं हॉर्न दाबून धरला, पुढून डोमानं. झुडपात काहीतरी जड हललं, पाला चुरचुरला, आणि आवाज आत आत निघून गेला.

बऱ्याच वेळानं साहेबांच्या लक्षात आलं की आपण कुंताचं मनगट घट्ट धरलं आहे. त्यांनी ते सोडलं आणि विचारलं, "हे रोज?"

"रोज जी. फक्त हा उजेड नसते."

दुसऱ्या दिवशी साहेब पहिल्या बसनं मिलमध्ये आले. चेहरा सुतकी. उभ्यानंच म्हणाले, "काल मी भ्यालो. एका पक्षाचं भय मला आता आतून ठाऊक झालं आहे. मी निष्पक्ष राहिलो नाही, साक्षीदार झालो. सबब मला निकाल देता येणार नाही."

"अरे देवा!" कुंता मटकन खाली बसली. "म्हंजे ज्याले समजलं, त्यालेच निकाल देता येत नाई?"

"नियम तसाच आहे बाई," साहेब म्हणाले.

"मंग नवा लवाद पाहा लागन," डोमा म्हणाला.

"तो कुठचा राहीन?" शेठनं घाबरून विचारलं.

"त्याच रस्त्याचा पाहू जी," कुंता म्हणाली. ती हसली नाही.

आदल्या रात्री शेठ त्या वळणावरून एकटाच परत आला होता. काचा वर होत्या, दिवे लख्ख होते, तरी घर येईपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नव्हता. "पाचले वाजवा घंटा," तो एकदम म्हणाला. "धान गोळा कराले मी दुसरे माणसं लावतो. नाई भेटले तं मी करीन."

"थांबा, हे तुम्ही दबावाखाली तर..."

"साहेब, तुमी आता लवाद नाई. बसा त्या खुर्चीवर गुपचाप," शेठ म्हणाला.

साहेब बसले.

त्या संध्याकाळी कुंता बसमधून उतरली तेव्हा आभाळात अजून उजेड होता. अंगणात सासू तूर पाखडत होती. सुनेला पाहून तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"काऊन व, दिवसाउजेडी आली? कामावरून काढलं का तुले?"

"घंटा... पाचले..." कुंता एवढंच बोलली. ती उंबरठ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"जाऊ दे माय," सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "दुसरं काम पाहू."